१७६६३१९०४९ ही दहा अंकी संख्या वही-पेनने कशी फोडायची

मोठी संख्या दिसली की आजकाल मोबाईल काढायचा, ॲपमध्ये टाकायची, अवयव आले की विषय संपला, असं झालंय. त्यात अवयव मिळतात, पण संख्या बघायची राहूनच जाते. म्हणून इथे एकच संख्या घेतो, १७६६३१९०४९, आणि ती नुसत्या वही-पेनने शेवटपर्यंत कशी फोडायची ते सांगतो. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगून टाकतो: भागाकार करत सुटण्याआधी संख्येचे शेजारी बघा, म्हणजे एकने लहान आणि एकने मोठी संख्या. ती संख्या कुठून आली हे कळलं की अर्धी मेहनत तिथेच वाचते.

हीच संख्या का, तर हिचं आपल्या खान्देशाशी नातं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्यातल्या बीजगणितात एक प्रश्न आहे: असा कोणता वर्ग, की त्याला ६१ ने गुणून १ मिळवला तर परत पूर्ण वर्गच येतो? ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात लहान उत्तर आहे २२६१५३९८० चा वर्ग, आणि तो ६१ ने गुणून १ मिळवला की येतो आपल्या १७६६३१९०४९ चा वर्ग. याच्या खालचं एकही उत्तर नाही (शून्य सोडून). आता चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपण सगळेच जातो, पावसाळ्यात तर धबधब्यासाठी गर्दी असते, त्या पाटणचा शके ११२८ चा, म्हणजे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, असं त्यात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो शिलालेख जगापुढे आणला. म्हणजे ज्या ग्रंथात ही संख्या आहे तो ग्रंथ शिकवायची सोय आठशे वर्षांपूर्वी आपल्या चाळीसगाव तालुक्यात होती, आणि हे आपल्या शाळेतल्या पोरांना माहीत असायलाच पाहिजे.

चला, चौकटीची वही घ्या. चौकटी असल्या की अंक एकाखाली एक नीट बसतात आणि मोठ्या भागाकारात निम्म्या चुका तिथेच टळतात.

आधी संख्या वाचा. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,७६,६३,१९,०४९, म्हणजे एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. मोठ्याने म्हणा, अंक उतरवताना इकडेतिकडे झाला असेल तर इथे सापडतो.

मग सोप्या कसोट्या, या पटापट उरकायच्या. शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज १+७+६+६+३+१+९+०+४+९ = ४६, म्हणून ३ आणि ९ पण गेले. ४६ चे परत ४+६ = १०, १+० = १, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी १ उरते, हा १ वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नंतर कामाला येतो.

७, ११ आणि १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या पाठ करायची गरज नाही, एकच पुरते. ७ × ११ × १३ = १००१ होतात, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एक गट अधिक, एक वजा करत जायचं. इथे बरेच जण चुकतात कारण आपले स्वल्पविराम लाखा-कोटीचे, दोन-दोन अंकांचे असतात, ते इथे चालत नाहीत, गट तीनचेच पाहिजेत:

१ | ७६६ | ३१९ | ०४९

४९ − ३१९ + ७६६ − १ = ४९५

आता दहा अंकी संख्येऐवजी ४९५ कडे बघायचं. ४९५ ला ७ ने भागलं तर बाकी ५, १३ ने भागलं तर बाकी १, आणि ११ ने भागलं तर ४५ × ११, बाकी शून्य. म्हणजे ७ नाही, १३ नाही, ११ आहे! भागून टाका:

१७६६३१९०४९ ÷ ११ = १६०५७४४५९

पहिला अवयव मिळाला. आता सवयीप्रमाणे हात १७, १९, २३ कडे जातो. जरा थांबा.

शेजाऱ्यांकडे बघा. एकने लहान संख्या १७६६३१९०४८, ती सम आहे, अर्धी केली तर ८८३१५९५२४. हा पूर्ण वर्ग आहे का? वर्गमूळ हाताने काढायला घाबरू नका, लांबलचक पद्धत नको, जवळचा गोल आकडा धरा. २९७०० चा वर्ग ८८२०९००००. आपल्या संख्येतून तो वजा केला तर उरले १०६९५२४. २९७०० ची दुप्पट ५९४००, ती या उरलेल्यात कितीदा बसते? १८ वेळा, ५९४०० × १८ = १०६९२००. आता उरले ३२४, आणि ३२४ म्हणजे १८ चाच वर्ग. बरोब्बर बसलं:

८८३१५९५२४ = २९७१८²

म्हणजे १७६६३१९०४९ = २ × २९७१८² + १. माझ्या मते पूर्ण कामातली सगळ्यात सुंदर जागा ही आहे.

आता एकने मोठी संख्या, १७६६३१९०५०. शेवटी ५० आहेत म्हणून ५० ने भागा, ३५३२६३८१ आले. भास्कराचार्यांच्या प्रश्नात ६१ होता म्हणून ६१ ने भागून बघा, पूर्ण जातो, ५७९१२१ येतात. आणि ५७९१२१ म्हणजे ७६१ चा वर्ग (७६० चा वर्ग ५७७६००, त्यात १५२० आणि १ मिळवा). म्हणजे वरचा शेजारी = १२२ × ३८०५², कारण ५ × ७६१ = ३८०५. एका बाजूला वर्गाची दुप्पट, दुसऱ्या बाजूला वर्गाची १२२ पट, आणि मधे आपली संख्या.

आमचा भाचा दहावीला आहे, त्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, "मामा, पण याचा उपयोग काय, अवयव तर अजून एकच सापडलाय." प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर पुढच्या स्टेपमध्ये आहे.

संख्या "वर्गाची दुप्पट अधिक १" या साच्यात असेल तर तिचा प्रत्येक मूळ अवयव ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ३ च देतो, दुसरी कुठलीच नाही. ५ आणि ७ बाकी देणाऱ्या सगळ्या मूळ संख्या न तपासताच बाद. याची सिद्धता अकरावी-बारावीच्या पलीकडची आहे, पण पडताळून बघणं एकदम सोपं: २×१+१ = ३, २×४+१ = ९, २×९+१ = १९, २×१६+१ = ३३ = ३×११, २×२५+१ = ५१ = ३×१७. अवयव येतात ३, ११, १७, १९ हेच. ५, ७, १३ कधीच डोकावत नाहीत. पोरांना असे पुढचे दहा-वीस काढायला सांगा, पाढे पण पक्के होतात आणि गंमत पण येते.

या नियमाने आपलं काम किती कमी झालं बघा. ५९ पर्यंत एकूण १७ मूळ संख्या आहेत. त्यातल्या ८ ने भागून १ किंवा ३ बाकी देणाऱ्या फक्त या: ३, ११, १७, १९, ४१, ४३, ५९. तीन आधीच गेलाय, अकरा सापडलाय. राहिले पाच. (११ परत एकदा जातो का तेही बघून घ्यायचं असतं, १६०५७४४५९ ला तो जात नाही.) १६०५७४४५९ ला एकेकाने भागा:

१७ ने बाकी ७
१९ ने बाकी ६
४१ ने बाकी ९
४३ ने बाकी ३२
५९ ने बाकी शून्य

५९ ने भागल्यावर येतात २७२१६०१. दुसरा अवयव पण हातात आला, आणि २३, २९, ३१, ३७, ४७, ५३ या सगळ्यांना आपण हातसुद्धा लावला नाही. भाच्याला उत्तर मिळालं.

आता २७२१६०१ उरले आणि इथून पुढे भागाकाराचा रस्ता लांब आहे. पुढचा अवयव दीड हजाराच्या वर आहे, म्हणजे नियम लावूनही शंभराच्या आसपास भागाकार करावे लागले असते. इथे पद्धत बदलायची. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४३ मध्ये एका पत्रात ही रीत वापरून २०२७६५१२८१ ही संख्या ४४०२१ × ४६०६१ अशी फोडून दाखवली होती, ती पण दहा अंकीच. रीत शाळेतल्या सूत्रावर उभी आहे: a² − b² = (a − b)(a + b). आपल्या संख्येला कुठला वर्ग मिळवला तर परत पूर्ण वर्ग येतो ते शोधायचं. सुरुवात वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून. २७२१६०१ चं वर्गमूळ १६४९ आणि १६५० च्या मधे आहे, म्हणून १६५० पासून:

१६५०² = २७२२५००, फरक ८९९, वर्ग नाही (९०० ला एकाने हुकला)
१६५१² = २७२५८०१, फरक ४२००, नाही
१६५२² = २७२९१०४, फरक ७५०३, नाही
१६५३² = २७३२४०९, फरक १०८०८, नाही
१६५४² = २७३५७१६, फरक १४११५, नाही
१६५५² = २७३९०२५, फरक १७४२४ = १३२²

सापडला. १६५५ − १३२ = १५२३ आणि १६५५ + १३२ = १७८७.

दोन छोट्या सोयी सांगून ठेवतो. एक, प्रत्येक वेळी नवा वर्ग काढायची गरज नाही, १६५० च्या वर्गात ३३०१ मिळवले की १६५१ चा येतो, मग ३३०३, मग ३३०५, असं दोन-दोनने वाढवत जायचं. दुसरी, पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७, ८ कधीच नसतो, त्यामुळे ७५०३ आणि १०८०८ ला वर्गमूळ शोधायचं पण नाही, बघताक्षणी कट. आणि ४२०० ला शेवटी दोन शून्य आहेत पण मागे ४२ उरतात, तो वर्ग नाही, म्हणून तोही कट. ही रीत दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच चालते, लांब असतील तर दिवसभर बसलात तरी संपणार नाही, म्हणून आठ-दहा स्टेप करून जमलं नाही तर परत भागाकाराकडे वळा.

१५२३ आणि १७८७ या मूळ संख्या आहेत का हे तपासल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही. १५२३ चं वर्गमूळ ३९ च्या आसपास, आणि आपला ८ चा नियम इथेही लागू आहे कारण या त्याच संख्येचे अवयव आहेत, म्हणून फक्त ३, ११, १७, १९ बघायचे: चारही जात नाहीत. १७८७ साठी त्यात ४१ ची भर, तोही जात नाही (बाकी २४). झालं:

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

अवयव मिळाले की बाकीचे गुणधर्म हाताशीच असतात. विभाजक किती? चार वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकेकदाच आलीये, विभाजक बनवताना प्रत्येकीला घ्यायचं किंवा नाही घ्यायचं, म्हणून २×२×२×२ = १६. सगळ्या विभाजकांची बेरीज पाहिजे असेल तर प्रत्येकात एक मिळवून गुणा, १२ × ६० × १५२४ × १७८८ = १९६१९३६६४०. त्यातून स्वतः संख्या वजा केली तर उरतात १९५६१७५९१, म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढी. आता तिची जोडीदार २२६१५३९८० बघा, तिचे अवयव २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१, विभाजक १४४. (ती आपल्या पद्धतीने वाचा: बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. बरोब्बर एकसष्ट लाख!) एकाच समीकरणातल्या दोन संख्या आणि एकीला १६ विभाजक, दुसरीला १४४.

अजून एक. आपल्या संख्येला ४ ने भागलं तर बाकी १. अशी मूळ संख्या असती तर ती दोन वर्गांची बेरीज म्हणून नक्की लिहिता आली असती, जसं ६१ = २५ + ३६. पण ही मूळ नाही, आणि हिचे ११, ५९, १५२३, १७८७ हे चारही अवयव ४ ने भागल्यावर ३ बाकी देतात. असा अवयव विषम वेळा आला की ती संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. इथे तर चारही एकेकदाच आलेत. आणि आता चौघांना २४ ने भागून बघा: ११ ची बाकी ११, ५९ ची ११, १५२३ ची ११, १७८७ ची पण ११. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा परत परत भागून बघितलं होतं, इतकं ते नीटनेटकं आहे.

आता खात्रीचा भाग. १७६६३१९०४९² − ६१ × २२६१५३९८०² खरंच १ येतं का? हे एक्सेलमध्ये टाकाल तर उत्तर शून्य दाखवेल. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतं आणि हे आकडे १९ अंकी जातात, शेवटचे अंक गोल होतात आणि नेमका आपला १ गायब होतो. दुकानातल्या १२ अंकी कॅल्क्युलेटरवर तर आकडा मावणारच नाही. पायथन येत असेल तर तिथे बरोबर १ येतो. पण वहीवर कसं करायचं?

आधी ताळे, म्हणजे बाकीवरून हिशोब पडताळायच्या कसोट्या. नऊचा ताळा: कोपऱ्यात लिहिलेला १ आठवतो ना, आपल्या संख्येची बाकी १, तिच्या वर्गाची पण १. जोडीदाराच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे बाकी ०. १ − ६१×० = १, जमलं. पण नऊच्या ताळ्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका, दोन अंकांची अदलाबदल झाली तर त्याला ती कळत नाही. म्हणून अकराचा पण लावा, त्याला शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल लगेच कळते: आपली संख्या ११ ने पूर्ण जाते, बाकी ०. जोडीदाराची बाकी ८, वर्ग ६४, बाकी ९. ६१ ची बाकी ६. ६ × ९ = ५४, बाकी १०. ० − १० म्हणजे ११ च्या हिशोबात १. जमलं. शेवटचे तीन अंक पण बघा: ४९ चा वर्ग २४०१, शेवटी ४०१. ९८० चा वर्ग ९६०४००, त्यातले ४०० गुणिले ६१ म्हणजे २४४००, शेवटी ४००. फरक १.

ताळे म्हणजे पुरावा नाही, नुसती शंका दूर होते. पक्का पुरावा शेजाऱ्यांकडे आहे. वर्गातून १ वजा करणं म्हणजे खालचा शेजारी गुणिले वरचा शेजारी. खालचा २ × २९७१८², वरचा १२२ × ३८०५². गुणाकार केला तर २४४ × (२९७१८ × ३८०५)², आणि २४४ म्हणजे ६१ × ४, त्यातला ४ वर्गाच्या आत २ होऊन जातो: ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)². आता फक्त एक गुणाकार करायचा, २ × २९७१८ × ३८०५, आणि तो येतो बरोबर २२६१५३९८०. एकोणीस अंकी एकही वर्ग न काढता पूर्ण सिद्ध झालं.

आता राहिलं की भास्कराचार्यांनी हे शोधलं कसं. ही चक्रवाळ पद्धत, ती त्यांच्याआधी जयदेवांनीही सांगितलेली आहे, आणि इथे ती फक्त एक फेरी लागते. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून ८² − ६१×१² = ३. आता असा आकडा निवडायचा की तो ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जाईल आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असेल. १, ४, ७, १० यातला ७ घ्या, ४९ सगळ्यात जवळ. मग:

(८×७ + ६१×१) ÷ ३ = ३९
(८ + ७×१) ÷ ३ = ५
(४९ − ६१) ÷ ३ = −४

तपासा: ३९² − ६१×५² = १५२१ − १५२५ = −४. बरोबर. आणि −४ आलं की पुढे ब्रह्मगुप्तांनी ६२८ च्या ब्रह्मस्फुटसिद्धांतात घालून दिलेली वाट आहे, तिच्याने थेट शेवटच्या उत्तरावर पोचतो. सूत्र असं: पहिल्या संख्येचा वर्ग (इथे १५२१) घ्या, त्यात २ मिळवा, १५२३. मग १५२२ × १५२४ करा, त्यातून २ वजा करा, निम्मे करा, ११५९७६३. या दोघांचा गुणाकार:

१५२३ × ११५९७६३ = १७६६३१९०४९

१५२३ दिसला ना? आपण फर्माच्या रीतीने जो अवयव शोधून काढला तो या सूत्रात सरळ समोर बसलेला होता, ३९ चा वर्ग अधिक २. आणि ११५९७६३ म्हणजे ११ × ५९ × १७८७. म्हणूनच मी म्हणतो की संख्या कुठून आली ते आधी विचारा. कोणी तुम्हाला मोठी संख्या देताना "ही अशा-अशा सूत्रातून आली" एवढं जरी सांगितलं तरी अर्धे अवयव तिथेच सापडतात. फर्माने १६५७ मध्ये आपल्या काळच्या गणितज्ञांना याच जातीचं कोडं घातलं होतं, त्यातही ६१ होताच, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर पाचशे वर्षं आधी लिहिलेलं होतं. ही दोन संख्यांची जोडी ६१ च्या वर्गमूळासाठी पण जबरदस्त आहे, पहिलीला दुसरीने भागलं तर दशांशचिन्हानंतर १७ अंक बरोबर येतात.

सराव करायचा असेल तर आपल्याच गावांचे पिन कोड घ्या, सहा अंकी असतात, एका पानात मावतात. भुसावळ ४२५२०१: गट पाडा, २०१ − ४२५ = −२२४, त्याला ७ जातो, ११ आणि १३ जात नाहीत. भागून ६०७४३, मग १९ ने ३१९७, मग २३ ने १३९. म्हणजे ७ × १९ × २३ × १३९, चारही वेगळे, १६ विभाजक, आपल्या मोठ्या संख्येसारखेच. नंदुरबार ४२५४१२ तर पहिलीच्या पोरालाही फोडायला आवडेल असा आहे, ४१२ − ४२५ = −१३, म्हणजे १३ लगेच हातात, आणि शेवटी येतं २² × ३⁴ × १३ × १०१, तब्बल ६० विभाजक. चाळीसगाव ४२४१०१: अंकांची बेरीज १२, ३ काढून घ्या, राहिले १४१३६७. इथे फर्माची रीत लावा, ३७६ चा वर्ग १४१३७६, फरक ९, म्हणजे ३ चा वर्ग, पहिल्याच फटक्यात ३७३ × ३७९, आणि या दोन्ही लागोपाठच्या मूळ संख्या.

जळगाव ४२५००१ शेवटी ठेवा, तो चिवट आहे. ३ ने भागून १४१६६७ येतात आणि तिथून पुढे कुठलाच साचा मदतीला येत नाही, फर्माची रीत पण हाती काही लागू देत नाही. वर्गमूळ ३७६ च्या थोडं वर, म्हणून ३७३ पर्यंतच्या ७४ मूळ संख्या एकेक करून लावाव्या लागतात. २, ३, ५ बघताक्षणी बाद होतात, ७, ११, १३ गटांच्या कसोटीने एका ओळीत बाद होतात (६६७ − १४१ = ५२६), बाकीच्यांना भागाकार. ३३१ ला जरा जपून, तिथे बाकी ३३० उरते, घाईत एकाचा फरक झाला की पूर्ण भाग गेला असं वाटतं. शेवटच्या ३७३ ला बाकी ३०० आली की मगच वहीत लिहायचं: ४२५००१ = ३ × १४१६६७, आणि १४१६६७ मूळ संख्या.